रस्त्यापलीकडचे पाळणाघर

ॲमस्टरडॅमच्या पूर्वेकडच्या भागात प्लांटाजे मिडेनलान नावाचा एक रुंद, झाडीचा रस्ता आहे. प्राणिसंग्रहालयाला निघालेली लेकुरवाळी कुटुंबे इथे कायम दिसतात आणि रस्त्याच्या मधोमध ट्रामची ये-जा चालू असते. या रस्त्यावर २४ क्रमांकाला एक नाट्यगृह होते आणि समोरच्या बाजूला ३१ क्रमांकाला एक पाळणाघर होते. १९४२ च्या ऑक्टोबरपासून १९४३ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत नाट्यगृहात ज्यू आईवडील डांबलेले होते आणि पाळणाघरात त्यांची मुले होती. त्या वर्षभरात सुमारे ६०० मुले या पाळणाघराच्या दारातून, मागच्या कुंपणावरून, धुण्याच्या टोपल्यांतून आणि पाठीवरच्या पिशव्यांतून बाहेर पडली आणि अनोळखी माणसांच्या घरांत लपून वाचली. त्यांच्या आईवडिलांपैकी बहुतेक परत आले नाहीत.

जर्मनीने मे १९४० मध्ये अवघ्या पाच दिवसांत नेदरलँड्स जिंकले. त्यानंतरच्या वर्षी या नाट्यगृहात फक्त ज्यू कलावंतांनी फक्त ज्यू प्रेक्षकांसमोर प्रयोग करावेत असा हुकूम निघाला, आणि १९४२ च्या उन्हाळ्यात प्रयोग थांबवून त्या इमारतीचे पकडून आणलेल्या ज्यूंना जमा करण्याचे ठिकाण केले गेले. प्रेक्षागृहात, गॅलरीत, रंगमंचावर जागा मिळेल तिथे माणसे बसून असत, कधी काही तास, कधी काही आठवडे. इथून त्यांना वेस्टरबोर्कच्या छावणीत आणि तिथून आगगाडीने पोलंडमधल्या ऑशविट्झ किंवा सोबिबोर या मृत्युछावण्यांत नेले जाई. एकूण ४६,००० हून अधिक माणसे या नाट्यगृहातून गेली. मुलांच्या रडण्याचा पहारेकऱ्यांना त्रास होऊ लागला आणि जागाही पुरेना, तेव्हा लहान मुलांना रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात ठेवण्याची व्यवस्था झाली. आईवडिलांची पाळी आली की मुलांना अलीकडे आणायचे आणि सगळ्यांना एकदमच पाठवायचे, असा त्यातला हिशेब होता. हे पाळणाघर १९२६ पासून हेन्रिएट पिमेंटेल चालवत होत्या. त्या स्वतः ज्यू होत्या, साठी ओलांडलेल्या होत्या, आणि त्यांच्या हाताखाली अठरा-वीस वर्षांच्या शिकाऊ ज्यू मुली काम करत होत्या.

कोकणात बेने इस्राएल समाज शतकानुशतके मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत राहिला, आणि गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हणून आपल्यात धरले. त्यामुळे केवळ ज्यू म्हणून माणसाला घरातून उचलून नेण्याची कल्पना आपल्या ऐकण्यात असली तरी अंगवळणी पडलेली नसते. नेदरलँड्समधल्या ज्यूंनाही ती अशक्यच वाटत होती. ते तिथे तीन-साडेतीनशे वर्षे राहत होते आणि देशाचे सर्वसाधारण नागरिक होते. १९४० मध्ये तिथे सुमारे १,४०,००० ज्यू होते. त्यांपैकी सुमारे १,०७,००० जणांना छावण्यांमध्ये नेण्यात आले आणि जेमतेम पाच हजार परतले. पश्चिम युरोपात इतके मोठे प्रमाण दुसऱ्या कुठल्याही देशात नव्हते. त्याची कारणे अनेक दिली जातात: देश सपाट आहे, लपायला डोंगर किंवा अरण्य नाही, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खुद्द जर्मनी आहे. मला मात्र सगळ्यांत भयंकर वाटते ते डच दप्तर. प्रत्येक माणसाची, त्याच्या पत्त्याची आणि धर्माची अचूक नोंद तिथे आधीपासून होती. जर्मनांच्या काळात त्याला जोड मिळाली ती बनावट करायला अत्यंत अवघड अशा ओळखपत्राची, आणि ज्यूंच्या ओळखपत्रावर काळा ‘जे’ छापलेला असे. उत्तम चालणारे सरकारी दप्तर ही कौतुकाची गोष्ट आहे असे आपण समजतो, आणि ते कोणाच्या हाती पडेल याचा विचार करत नाही.

त्यामुळे सुटकेची पहिली लढाईही दप्तरातच झाली. नाट्यगृहाच्या कारभारावर, जर्मनांच्या हुकुमाने बनलेल्या ज्यू समितीने वाल्टर झ्युस्किंड यांना नेमले होते. ते जर्मनीतून पळून आलेले ज्यू, पूर्वी युनिलिव्हरमध्ये नोकरीला असलेले, बोलघेवडे आणि जर्मन अधिकाऱ्यांशी त्यांच्याच भाषेत हास्यविनोद करू शकणारे गृहस्थ होते. ॲमस्टरडॅममधून ज्यूंना बाहेर पाठवण्याचे काम पाहणारा, नाझींच्या एसएस दलाचा अधिकारी फर्डिनांड आउस डेर फ्युन्टेन याच्याशी त्यांनी दोस्ती जमवली. पहारेकऱ्यांना दारू, सिगारेटी पुरवल्या. आतल्या कित्येक लोकांना ते जर्मनांचे हस्तक वाटत असतील तर त्यांना दोष देता येत नाही. दरम्यान फेलिक्स हाल्व्हरस्टाड या सहकाऱ्याच्या मदतीने झ्युस्किंड नोंदींची कार्डे गहाळ करत होते, आलेल्यांचा आकडा कमी लिहीत होते. ज्या मुलाचे कार्डच नाही ते मूल हरवले तरी कुणाच्या लक्षात येणार नव्हते. उलट ज्या मुलाची नोंद झालेली आहे ते नाहीसे झाले, तर त्याच्या आईवडिलांचे आणि पाळणाघरातल्या सगळ्यांचे काय होईल हे सांगायला नको होते.

म्हणूनच आईवडिलांना विचारल्याशिवाय काहीच करता येत नव्हते. रस्ता ओलांडून नाट्यगृहात जायचे आणि गर्दीत एखाद्या जोडप्याजवळ बसून हळू आवाजात हा प्रश्न विचारायचा, हे काम त्या शिकाऊ मुलींकडे होते. सीनी काटेनबुर्ग ही त्यांच्यापैकी एक, १९२४ साली जन्मलेली, म्हणजे तेव्हा कशीबशी अठरा-एकोणीस वर्षांची. तुमचे बाळ आम्ही बाहेर नेऊ शकतो, पण कुठे नेणार ते सांगू शकत नाही, कोण सांभाळणार ते आम्हालाही ठाऊक नाही, आणि ठरवायला फार वेळ नाही, असे काहीसे तिला सांगावे लागे. पूर्वेकडे नेमके काय चालते ते आईवडिलांना माहीत नव्हते. तिथे कष्टाचे काम असेल, थंडी असेल, पण निदान सगळे एकत्र असू, अशी बहुतेकांची समजूत होती. अशा वेळी लेकराला परक्या मुलीच्या स्वाधीन करायचे की आपल्याबरोबर न्यायचे?

मी गेली काही वर्षे ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टलवेनला राहते. माझ्या मुलीला इथल्या पाळणाघरात प्रथम सोडले तेव्हा तिथल्या बाईंनी सवयीच्या काळासाठी वेळापत्रक आखून दिले होते, पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, मग अर्धा दिवस, आणि तरीही मी बाहेर सायकलपाशी बराच वेळ घुटमळत राहिले होते. या अनुभवाची त्या आयांच्या प्रसंगाशी तुलना होऊच शकत नाही, आणि ती मी करतही नाही. एवढेच, की त्यानंतर सुटकेच्या या हकिकती वाचताना माझे लक्ष वाचवणाऱ्यांवरून उठून प्रश्न विचारल्या गेलेल्यांकडे जाऊ लागले. ज्यांनी हो म्हटले त्यांनी जे केले त्याला आपल्याकडे शब्द तयार आहेत. ज्यांनी नाही म्हटले त्यांच्याबद्दल मात्र लिहिणारे घाईने पुढे सरकतात, जणू त्यांना परिस्थिती कळली नाही. मला तसे वाटत नाही. तापलेल्या, घाबरलेल्या चार वर्षांच्या मुलीला तिच्या आईपासून तोडू नये, हा निर्णय त्या क्षणी हाती असलेल्या माहितीवर घेतलेला, आईच्या मायेचाच निर्णय होता. पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे म्हणून तो चुकीचा ठरत नाही.

हो म्हणणाऱ्या आईची पाळी आली की तिला कधी कधी हातात एक बाहुली दिली जाई. दुपट्यात गुंडाळलेली बाहुली छातीशी धरून ती ट्रामकडे जाई, म्हणजे मोजणाऱ्याला कडेवर मूल दिसावे. हे वाचताना मराठी माणसाच्या मनात गोकुळ आल्यावाचून राहत नाही. पण आपल्या कथेत बंदिशाळेची कुलपे आपोआप गळून पडतात, पहारेकऱ्यांना झोप लागते आणि यमुना वाट देते. इथे कुलपांसाठी कार्डे चोरावी लागली आणि पहारेकऱ्यांना दारू पाजावी लागली. शिवाय आपली कथा वसुदेवाच्या डोक्यावरच्या टोपलीमागे इतकी तन्मयतेने जाते की मागे राहिलेल्या देवकीला त्या रात्री काय विचारले गेले आणि ती काय म्हणाली याची आपण कधी विचारपूसच करत नाही.

यमुनेचे काम अंशतः ट्रामने केले. नाट्यगृहाच्या दारात उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला समोरचे पाळणाघर स्पष्ट दिसत असे, मात्र मधल्या थांब्यावर ट्राम येऊन उभी राहिली की काही क्षण त्याच्या दृष्टीआड होई. तेवढ्यात मुलाला घेऊन बाहेर पडायचे, ट्रामच्या आडोशाने तिच्याबरोबर धावत जायचे आणि पुढच्या थांब्यावर चढायचे. ट्राममधल्या प्रवाशांना खिडकीतून हे सगळे दिसत असणार. धापा टाकत, कडेवर मूल किंवा हातात अवजड गाठोडे घेऊन चढणारी मुलगी कुठून आली हे कळायला फार हुशारी लागत नव्हती. कुणी ओरडले नाही, कुणी खाली उतरून पहारेकऱ्याला सांगितले नाही. त्या प्रवाशांना आपण काही केले असे वाटलेही नसेल, आणि त्यांची नावे कुठल्याच यादीत नाहीत.

दुसरी वाट मागच्या बाजूने होती. पाळणाघरापासून एक घर सोडून पलीकडे, २७ क्रमांकाला, शिक्षकांसाठीचे एक प्रॉटेस्टंट अध्यापक विद्यालय होते आणि मागच्या बागा झुडपांच्या कुंपणांनी एकमेकींना लागून होत्या. या विद्यालयाचे प्रमुख योहान फान हुल्स्ट तेव्हा तिशी ओलांडलेले होते. पाळणाघरात जागा अपुरी पडू लागल्यावर मुलांना दुपारी झोपवायला त्यांनी एक वर्ग दिला, आणि झोपायला आलेल्यांपैकी काही मुले परत न जाता विद्यालयाच्या दारातून, विद्यार्थ्यांच्या गर्दीत मिसळून, बाहेर जाऊ लागली. एके दिवशी शिक्षण खात्याचा निरीक्षक आला. त्याला कुठूनतरी मुलांचे रडणे ऐकू आले आणि त्याने ही ज्यू मुले का, असे विचारले. फान हुल्स्ट यांनी हो किंवा नाही असे काहीच उत्तर दिले नाही. निरीक्षकाने थोडे थांबून त्यांचा हात हातात घेतला आणि देवाच्या नावाने सांभाळून राहा, असे सांगून तो निघून गेला.

२९ सप्टेंबर १९४३ रोजी ॲमस्टरडॅममधल्या उरलेल्या ज्यूंना पकडले गेले आणि पाळणाघर रिकामे करण्यात आले. पिमेंटेल बाईंना त्याआधी जुलैमध्येच नेले होते, आणि त्यांच्या जागी विरी कोहेन ही तरुण परिचारिका काम पाहत होती. पाळणाघर रिकामे होणार हे कळल्यावर शेवटी आणखी किती मुले नेता येतील, असा प्रश्न आला. समोर ऐंशी-नव्वद मुले होती, आणि जी मागे राहतील ती मरणार हे फान हुल्स्ट यांना माहीत होते. त्यांनी बारा मुले निवडली. ते १०७ वर्षे जगले, प्राध्यापक झाले, संसदेच्या वरिष्ठ सभागृहात बसले, उतारवयातही बुद्धिबळ खेळत राहिले आणि २०१८ मध्ये वारले. बाराच का, तेरा का नाही, हा प्रश्न त्यांनी अखेरपर्यंत स्वतःला विचारला. वाचवलेल्यांबद्दल कुणी कौतुक केले की ते न वाचलेल्यांकडे बोट दाखवीत. त्यांच्या त्या विद्यालयाच्या इमारतीत मार्च २०२४ पासून राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय आहे. पाळणाघराची मूळ इमारत उरलेली नाही.

बाहेर काढलेले मूल पुढे न्यायचे कुठे? हे काम करणारे गट बहुतांश विद्यार्थ्यांचे आणि विशीतल्या तरुणांचे होते. उट्रेक्टच्या विद्यार्थ्यांनी एक बालसमिती बनवली होती. ॲमस्टरडॅममध्ये पीट मेयरबुर्ग याने विद्यापीठ सोडून असाच गट उभा केला. याप आणि जेरार्ड मुश या भावांनी, सेमी आणि योप वोर्टमन या जोडप्याच्या साथीने चालवलेल्या गटाने सुमारे २५० मुलांना घरे मिळवून दिली. मुलांची ने-आण प्रामुख्याने मुली करत. आगगाडीत कडेवर मूल घेतलेला तरुण लगेच नजरेत भरला असता. मुलीकडे पाहून फार तर नाके मुरडली जात, आणि लग्नाआधी मूल झालेली बाई समजून केलेला अपमान या मुली मुकाट्याने गिळत. काहींनी तर लपवलेले बाळ स्वतःचेच अनौरस मूल म्हणून सरकारदरबारी नोंदवले. सोनेरी केसांची मुले उत्तरेला फ्रीसलँडमध्ये पाठवली जात, काळ्या केसांची दक्षिणेला लिम्बुर्गमध्ये, कारण तिथली स्थानिक माणसेही तशीच दिसत. शेजाऱ्यांनी विचारलेच तर हे मूल रॉटरडॅमचे, बॉम्बहल्ल्यात बेघर झालेल्यांचे, असे सांगायचे.

या सगळ्याला पैसा लागे. शिधापत्रिकेशिवाय वाढणाऱ्या पोराचे पोट भरायचे तर चोरीची कार्डे किंवा काळ्या बाजारातले धान्य, आणि दोन्हीला गिल्डर मोजावे लागत. उट्रेक्टच्या विद्यार्थ्यांना तिथल्या आर्चबिशपांनी १०,००० गिल्डर दिले. शिवाय या विद्यार्थ्यांनी एक अफलातून उद्योग केला. जर्मनांनी गोळ्या घातलेल्या अठरा जणांवरची एक कविता हाती आली होती, ती एका कागदावर चोरून छापून त्यांनी पाच गिल्डरला एक प्रत अशी विकली. या चोरट्या छपाईतूनच डे बेझिगे बे ही प्रकाशनसंस्था जन्मली आणि आज ती नेदरलँड्समधल्या नामवंत प्रकाशकांपैकी एक आहे. कविता विकून लेकरांना दूध पाजल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

आता लपवणाऱ्या घरांकडे येऊ. लिम्बुर्गमध्ये हेर्लेन आणि ब्रुन्सुम इथे ती बरीचशी कोळसा-खाणीतल्या कामगारांची होती, फ्रीसलँड आणि ड्रेंथमध्ये शेतकऱ्यांची. त्यांच्याकडे आधीच पाच-सहा पोरे असत. त्यांना या कामाची ओढ होती किंवा ते संधीची वाट पाहत होते, असे फारच थोड्यांच्या बाबतीत म्हणता येईल. बहुतेकांनी पुढे सांगितलेले कारण साधे आहे: कुणीतरी दार वाजवले आणि विचारले. ड्रेंथमधल्या न्यूलांडे या खेड्यात हे विचारण्याचे काम आर्नोल्ड डाउवेस करत असे. शेतकरी आणि नगरसदस्य असलेल्या योहानेस पोस्ट यांच्या पाठोपाठ त्याने हे काम हाती घेतले. सायकलवरून फिरत तो घरोघर जाई, आणि त्याची पद्धत फारशी सभ्य नव्हती. फक्त दोनच दिवस ठेवा, पुढची सोय होतेच आहे, असे सांगून तो मूल सोडून जाई आणि मग परत फिरकत नसे. दोन दिवसांनी त्या घरातल्या बाईला मुलाचा घास आवडीनिवडीसकट पाठ झालेला असे. आपण काय करत होतो याच्या रोजनिशीची पाने डाउवेस मुरंब्याच्या बरण्यांत घालून जमिनीत पुरत असे, म्हणून हे सगळे आज वाचायला मिळते. पुढे त्या अख्ख्या गावाचाच इस्राएलमधल्या याद वाशेम या होलोकॉस्ट-स्मारक संस्थेने गौरव केला.

एकदा हो म्हणून भागत नव्हते. दोरीवर वाळत घातलेले लहान मापाचे कपडे शेजारणीच्या नजरेत येत होते. लपलेले मूल आजारी पडले तर विश्वासू डॉक्टर शोधावा लागे. मुलाला नवे नाव घोकायला लावायचे, रविवारी चर्चमध्ये न्यायचे, जेवणाआधीची प्रार्थना न अडखळता म्हणता यावी म्हणून तयारी करून घ्यायची. रात्री दचकून उठणाऱ्या आणि अंथरूण ओले करणाऱ्या पोराच्या चादरी गुपचूप धुवायच्या. मूल इतके रुळले की बाईला आई म्हणू लागले, तर आनंद मानायचा की हळहळायचे हेही तिला कळत नसे. या सगळ्यावर टांगती तलवार असे ती खबऱ्यांची. १९४३ मध्ये हेनाइके नावाच्या डच माणसाची टोळी दरडोई साडेसात गिल्डरच्या बक्षिसासाठी लपलेले ज्यू हुडकत होती, आणि सहा-सात महिन्यांत तिने आठ हजारांहून अधिक माणसे पकडून दिली. पकडणारेही डचच होते आणि तेही कुणाचे तरी सामान्य शेजारीच होते, हे विसरून चालत नाही.

मारियोन फान बिन्सबेर्खेन या विद्यार्थिनीची गोष्ट इथे सांगायलाच हवी. जर्मन शिपाई ज्यू मुलांना हातापायांना, केसांना धरून ट्रकमध्ये फेकताना आणि त्यांना अडवणाऱ्या दोन बायकांनाही त्याच ट्रकमध्ये टाकताना तिने ॲमस्टरडॅमच्या रस्त्यावर पाहिले होते. पुढे ती शहराबाहेरच्या एका घरात एक ज्यू वडील आणि त्यांच्या तीन मुलांना लपवून राहू लागली. मोटार थांबल्याचा आवाज आला की सगळ्यांनी जमिनीखालच्या खड्ड्यात शिरायचे, अशी तालीम झालेली होती. तान्ह्या बाळाला अशा वेळी झोपेचे औषध देत. एका रात्री तेवढाही वेळ मिळाला नाही. जर्मन आणि त्यांच्याबरोबरचा डच पोलीस झडती घेऊन रिकाम्या हाताने निघून गेले, आणि बाळ रडायला लागेल म्हणून मुलांना लगेच वर काढले गेले. अर्ध्या तासाने तो डच पोलीस एकटाच परत आला. मारियोनकडे एका मित्राने दिलेले पिस्तूल होते आणि तिने ते चालवले. गावातल्या बेकरीवाल्याने आपल्या गाडीतून प्रेत हलवले, आणि अंत्यविधी करणाऱ्याने ते दुसऱ्या एका मृताच्या शवपेटीत घालून पुरून टाकले. युद्ध संपेपर्यंत आपण चोरी केली, फसवले, खोटे बोललो आणि माणूसही मारला, असे ती पुढे सांगत असे, आणि ते सांगताना तिने स्वतःला कधी नायिका केले नाही. अमेरिकेत ती मनोविश्लेषक झाली आणि २०१६ मध्ये वारली.

सगळी घरे अशी नव्हती. काही मुलांना फुकटचे नोकर म्हणून राबवून घेतले गेले, काहींना मारहाण झाली, काहींच्या वाट्याला त्याहून वाईट आले, आणि काही मुले धोका वाढेल तशी दहा-दहा घरे बदलत राहिली. ती मुले मोठी होऊन बोलू लागली तेव्हा या गोष्टीही बाहेर आल्या. ऑगस्ट १९९२ मध्ये नेदरलँड्समध्ये लपून वाढलेल्यांची तिथली पहिली मोठी परिषद ॲमस्टरडॅमला भरली. तोवर बहुतेकांनी पन्नाशी गाठली होती. तुम्ही तर वाचलात, मग तक्रार कसली, हे वाक्य त्यांनी जन्मभर ऐकले होते.

मुलांना बाहेर काढणाऱ्या ज्यू माणसांचे काय झाले? हेन्रिएट पिमेंटेल यांना सप्टेंबर १९४३ मध्ये ऑशविट्झमध्ये मारण्यात आले. झ्युस्किंड यांना पुढच्या वर्षी पत्नी आणि लहानग्या मुलीसह नेले. मायलेकी ऑशविट्झमध्ये मारल्या गेल्या आणि ते स्वतः १९४५ च्या फेब्रुवारीत मरण पावले. ज्यांनी ज्यूंना वाचवले त्यांना इस्राएलचे याद वाशेम जो मोठा सन्मान देते तो फक्त ज्यू नसलेल्यांसाठी आहे, त्यामुळे या दोघांना तो मिळू शकत नाही. नियमामागचा विचार समजतो. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की गोष्टी सांगताना ज्यू हे केवळ वाचवले जाणारे आणि बाकीचे वाचवणारे, अशी विभागणी मनात पक्की होते. प्लांटाजे मिडेनलानवर ती खरी नव्हती. बिगरज्यू साथीदारही पुष्कळ गेले: याप मुश आणि योहानेस पोस्ट यांना १९४४ मध्ये गोळ्या घातल्या, योप वोर्टमन बेर्गेन-बेल्सेनच्या छावणीत मेला.

मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि एक वेगळाच तंटा सुरू झाला. ऑगस्टमध्ये सरकारने लपवलेल्या मुलांसाठी एक आयोग नेमला. ज्यांचे आईवडील महिन्याभरात हजर होणार नाहीत, त्यांच्या पालकत्वाचा निर्णय या आयोगाच्या शिफारशीवर व्हायचा होता. छावण्यांतून माणसे अजून परत यायची होती, तेव्हा महिन्याची मुदत कशी ठरवली असेल? आयोगाच्या अध्यक्षा गेसिना फान डेर मोलेन या स्वतः मुलांना लपवण्याच्या कामात आघाडीवर असलेल्या कडव्या प्रॉटेस्टंट बाई होत्या. ज्यांनी जीव धोक्यात घालून मूल सांभाळले त्यांच्याकडून ते केवळ जन्माने ज्यू आहे म्हणून काढून घेऊ नये, असे त्यांचे मत होते. समाजातले बहुसंख्य मारले गेले असताना उरलेली मुलेही बाप्तिस्मा देऊन गमवायची का, हा ज्यू प्रतिनिधींचा सवाल होता. दोन्ही बाजूंना मुलाचे भले हवे होते, आणि म्हणूनच तडजोड अवघड होती. एखादी मावशी किंवा काका छावणीतून परत येऊन दारात उभे राहत आणि पाच वर्षांचे मूल त्यांना न ओळखता पालक आईच्या मागे लपे. बहुसंख्य मुले अखेर ज्यू नातेवाइकांकडे किंवा संस्थांकडे गेली, आणि काहीशे मुले सांभाळणाऱ्यांकडेच राहिली.

यातले एक प्रकरण वर्षानुवर्षे गाजले. युद्धात एका ज्यू मुलीला एका कॅथलिक कुटुंबातल्या बहिणींनी लपवले होते. तिचे आईवडील मारले गेले. न्यायालयाने तिला ज्यू पालकांच्या स्वाधीन करायला सांगितले, तेव्हा ती मुलगी नाहीशी झाली. जर्मनांपासून तिला दडवणाऱ्यांनी आता आपल्याच देशाच्या कायद्यापासून तिला दडवले होते. पोलीस शोध घेत राहिले, वृत्तपत्रांतून तिचा फोटो छापून येत राहिला, वाद थेट संसदेपर्यंत गेला. त्या बहिणींच्या बाजूने मला फार काही बोलता येत नाही. जर्मनांच्या काळात त्यांनी जे केले त्याने त्यांना हा हक्क मिळाला असे त्यांना वाटले, आणि तो मिळत नाही असे मला वाटते. पण ही मुलगी पाळण्यात असल्यापासून तिच्याबद्दल आधी तिच्या आईला, मग सांभाळणाऱ्यांना, मग आयोगाला, मग न्यायालयाला विचारले गेले होते. तिला स्वतःला विचारण्याची पाळी १९६१ मध्ये आली, ती एकवीस वर्षांची होऊन कायद्याने सज्ञान झाली तेव्हा. ती आपणहून सर्वांसमोर आली, आणि कॅथलिकच राहिली.